कांस्यवरचं टिंब

मिरजेच्या मावशीचा मेसेज दुपारी अडीचला आला. जेवण आटोपून ती फोन छातीवर ठेवून आडवी होते आणि आम्हा सगळ्या भाचरांना ज्ञान वाटते, ती ही वेळ. वर गुलाबाचं फूल, मग तिरंगा, मग जोडलेले दोन हात आणि त्याखाली मजकूर : 'भारताला ऑलिम्पिकमध्ये पहिलं पदक मिळवून देणारा मराठी माणूस कोण? उत्तर : खाशाबा जाधव. 1952, हेलसिंकी, कुस्तीत कास्य पदक. अभिमान असेल तर पुढे पाठवा.' मजकुराच्या डोक्यावर त्या दोन बाणांची खूण होती, म्हणजे निदान पाच हातांतून फिरून आलेला. एरवी मी मावशीच्या फॉरवर्डला नमस्कार ठोकतो आणि पुढे सरकतो. पण त्या दिवशी डोळा 'कास्य'वर अडकला. कांस्यवरचं टिंब गळालं होतं. आणि ते टिंब कुठे गळालं, कधी गळालं, तेव्हा गॅसवर काय उतू जात होतं, हे सगळं मला माहीत होतं. कारण ते माझ्याच अंगठ्याखाली गळालं होतं.

फूल माझं नव्हतं, तिरंगा माझा नव्हता, अभिमानाची अटही माझी नव्हती. बाकीचं वाक्य मात्र शब्दन् शब्द माझं होतं. आमच्या दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर 23 जुलैला सकाळी आठ वाजता मी ते टाकलं होतं, आणि सव्वा महिन्यानं ते कुठून कुठून हिंडून, अंगावर फुलं माळून, माझ्याच दारात उभं होतं. ओळख न दाखवता.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला बरं वाटलं.

रोजच्या प्रश्नाचा हा उद्योग 2020 च्या टाळेबंदीत सुरू झाला. तोवर आमचा ग्रुप म्हणजे सुप्रभात, वाढदिवस आणि अधूनमधून राजकारणावरून कुणीतरी रागानं बाहेर पडणं, एवढाच. जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं, त्याचे फोटो आले, तेव्हा मी सहज विचारलं की का झालं असेल सांगा, गूगल करायचं नाही. दिवसभर उत्तरं येत राहिली. कुणी म्हणालं उल्केतलं लोखंड गंजलं, कुणी म्हणालं आतमध्ये जासवंदीचं रान बुडालंय, एकानं तर शेजारच्या गावच्या यात्रेतला गुलाल ओढ्यानं वाहून आणला. त्या वर्षी यात्राच झाल्या नव्हत्या, हे त्याच्या लक्षात आणून दिलं तर म्हणतो, गेल्या वर्षीचा असेल. रात्री नऊला मी उत्तर सांगितलं : पाणी कमी झालं, खारेपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात फोफावणाऱ्या सूक्ष्मजीवांनी आपला रंग सोडला. 'अच्छा' असे चार-पाच मेसेज आले आणि संपलं. उत्तराचं आयुष्य ते एवढंच. जासवंदीच्या रानावरून मात्र आम्ही अजूनही त्या माणसाला छळतो.

तेव्हापासून नियम ठरून गेला. सकाळी आठला प्रश्न, रात्री नऊला उत्तर, मध्ये दिवसभर वाट्टेल ते. कधी भूगोल, कधी क्रिकेट, कधी सिनेमा. मस्कतमध्ये असलेला मित्र तिथल्या सकाळी साडेसहाला बसमधून उत्तर देतो. न्यू जर्सीवाली झोपण्यापूर्वी देते आणि उठल्यावर बदलते. सगळ्यात जास्त वादावादी सिनेमावर होते. 'अशी ही बनवाबनवी' ज्या हिंदी सिनेमावर बेतलाय तो कोणता, असं मी एकदा विचारलं. उत्तर 'बीवी और मकान', 1966 चा. उत्तर सांगितल्यावर दोन दिवस लोक माझ्याशी नीट बोलत नव्हते. 'आमचा सिनेमा उसना म्हणतोस?' असा सूर. मी म्हणालो, अरे मी म्हणत नाही, आहेच. तर एकजण म्हणाला, असेल, पण सांगायची काय गरज होती. यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

पण मला आवडणारं उत्तर वेगळंच असतं. आमच्यातला एकजण गावातच राहिला. त्याचं किराणा दुकान आहे आणि घरच्या परंपरेनं तो पौरोहित्यही करतो. सिनेमा, क्रिकेट यांत त्याला काही गम्य नाही, त्यामुळे महिनोन् महिने तो नुसता वाचायचा. एकदा मी विचारलं, गीतरामायण पुणे आकाशवाणीवर 1 एप्रिल 1955 ला सुरू झालं, दर आठवड्याला एक गाणं, वर्षभर. वर्षाचे आठवडे बावन्न. मग गाणी छप्पन्न कशी? सगळ्यांनी माडगूळकरांच्या प्रतिभेवर आणि बाबूजींच्या उत्साहावर खापर फोडलं. साडेअकराला दुकानदार लिहितो, 'रामनवमीला सुरू झालं का? मग पुढच्या रामनवमीपर्यंत गेलं असणार. त्या साली अधिक मास पडला असेल. चार आठवडे वाढले.' मला अंगावर शहारा आला. त्याला उत्तर माहीत नव्हतं. गूळ तोलता तोलता त्यानं ते काढलं होतं. मी विचारलं तर म्हणाला, अरे त्यात काय, एकोणीस वर्षांनी तोच अधिक मास फिरून येतो, आपल्या दहावीच्या वर्षी भाद्रपद होता, त्यात दोनदा एकोणीस वजा कर. आम्ही 1993 ला दहावी झालो. अडतीस वजा केले. 1955.

असा एक दिवस आला की पुढचे पन्नास दिवस प्रश्न शोधायला हुरूप येतो.

हे प्रश्न शोधायचं वेड शाळेतल्या फळ्यावरून लागलं. मुख्य दारातून आत गेलं की डाव्या हाताला तो होता. लाकडी चौकट, तीन रकाने : सुविचार, दिनविशेष, सामान्य ज्ञान. नववीत माझं अक्षर बरं म्हणून ते काम माझ्याकडे आलं. सकाळी सातला शाळेत जायचं, कालचं सगळं ओल्या फडक्यानं पुसायचं, फळा वाळेपर्यंत पायरीवर बसायचं. ओल्या फळ्याचा एक वास असतो, पहिल्या पावसाच्या वासाचा गरीब चुलतभाऊ. चित्रकलेच्या सरांनी खडू पाण्यात भिजवून लिहायला शिकवलं होतं. लिहिताना अक्षर दिसतच नाही, आणि वाळलं की चुन्यासारखं पांढरंशुभ्र उमटतं. म्हणजे लिहिताना चूक झाली तर ती पाच मिनिटांनी कळायची. तोवर पोरं आत यायला लागलेली असायची. फडकं आणायला धावायचं.

मजकूर आणायचा कुठून, हा प्रश्न होता. वर्तमानपत्रातला दिनविशेष दुसऱ्या शाळेचा फळा लिहिणाराही वाचत असे, त्यामुळे तो कमीपणाचा. ग्रंथालयात काचेच्या कपाटात मराठी विश्वकोशाचे खंड होते, वाईहून येणारे. ते बाहेर न्यायला मिळत नसत, तिथंच उभ्यानं वाचायचे. पहिला खंड 1976 चा. पुढचे सावकाश येत होते आणि आमच्या वेळी ते वर्णमालेच्या मधेच कुठेतरी पोचले होते. त्यामुळे आमच्या शाळेचं सामान्य ज्ञान 'अ'कडे झुकलेलं असे. अंटार्क्टिका, अजिंठा, आइन्स्टाइन, इराण, ईल मासा. पोरांना ईल माशाबद्दल जितकं माहीत होतं तितकं हिमालयाबद्दल नसावं. 'ह' यायचाच होता. विसावा आणि शेवटचा खंड 2015 साली आला तेव्हा फळा लिहिणारा पोरगा कानाशी पिकायला लागला होता.

हॉकीसुद्धा 'ह'वर.

तर 23 जुलै. खाशाबांनी हेलसिंकीत पदक मिळवलं तो दिवस, म्हणून मुद्दाम राखून ठेवलेला प्रश्न. मी आधी लिहिलं होतं, 'स्वतंत्र भारताला ऑलिम्पिकमध्ये पहिलं वैयक्तिक पदक मिळवून देणारा मराठी माणूस कोण?' फोनवर ते तीन ओळींत गेलं. तिसऱ्या ओळीत 'कोण?' एकटाच लोंबकळत होता. इतक्या वर्षांत मला एक कळलंय, प्रश्न दोन ओळींच्या वर गेला की लोक वाचत नाहीत, वाचल्यासारखं करतात. मी 'स्वतंत्र' काढला. अजून तीनच ओळी. 'वैयक्तिक' काढला. आता सुबक दोन ओळी झाल्या. तेवढ्यात दूध उतू गेलं. पाठवून टाकलं आणि फडकं शोधायला गेलो. रात्री उत्तर टाकताना कांस्यवरचं टिंब राहिलं, तेव्हा दूध नव्हतं, नुसती झोप होती. पण आठवणीत दोन्ही एकाच वेळी उतू जातात.

त्या दिवशी उत्तरांचा पाऊस पडला. सगळ्यांना येत होतं. मुठी, पैलवानाचे दंड, मशाली. मराठी माणूस आणि पहिला हे दोन शब्द शेजारी आले की आम्हाला दुसरं काही दिसत नाही, मलाही नाही. एकानंही विचारलं नाही की बाबा रे, त्याआधीची पदकं कुठं गेली? ध्यानचंदच्या संघानं 1928, 1932, 1936 अशी ओळीनं तीन सुवर्णपदकं आणली ती? 1948 ला लंडनमध्ये, स्वातंत्र्याला वर्षही पुरतं झालं नव्हतं, तेव्हा इंग्रजांनाच चार-शून्यनं हरवून आणलेलं ते? आणि कलकत्त्यात जन्मलेल्या नॉर्मन प्रिचर्डनं 1900 साली पॅरिसला धावण्यात मिळवलेली दोन रौप्यपदकं? मी दोन शब्द काढले आणि त्यासोबत चार सुवर्ण, दोन रौप्य एवढा ऐवज खिडकीतून बाहेर फेकला. दोन ओळींत बसावं म्हणून.

संध्याकाळी एक मेसेज वेगळा आला, ग्रुपवर नाही, मला एकट्याला. दोनच शब्द. 'आणि हॉकी?'

आमच्या वर्गात हॉकी खेळलेली ती एकटीच. शाळेच्या मागचं मैदान म्हणजे मुरूम. चेंडू कुठल्या खड्यावरून उसळून कुठे जाईल सांगता येत नसे. तिच्या डाव्या भुवईत त्या मैदानानं दिलेली टाक्यांची रेघ अजून आहे. जिल्ह्याच्या संघात गेली, तेव्हा मी फळ्यावर तिचं नाव लिहिलं होतं, पिवळ्या खडूनं चौकट करून. आता पुण्यात तिचं पोळीभाजी केंद्र आहे. पहाटे चारला उठते, आणि माझा प्रश्न तिला दिसतो तेव्हा तिच्या दोनशे पोळ्या झालेल्या असतात. तिनं मला चारचौघांत टोकलं असतं तर मी काहीतरी विनोद करून निसटलो असतो. तिनं तसं केलं नाही, हेच जास्त लागलं. 'चुकलो,' असं मी लिहिलं. तिनं हसरा चेहरा पाठवला आणि 'होतं रे.'

रात्री नऊला उत्तर टाकलं आणि त्याखाली दुरुस्ती, सहा ओळींची, सालवार, प्रिचर्डसकट. तिला एक अंगठा आला. तो दुकानदाराचा. त्याच रात्री कुणीतरी प्रश्न आणि पहिलं उत्तर उचललं आणि बाहेर नेलं. दुरुस्ती जिथल्या तिथं राहिली. शाळेत फळा रोज पुसला जायचा, माझ्या चुकांचं आयुष्य एका दिवसाचं असायचं. हे काही पुसता येत नाही.

गंमत अशी की 'पहिला' हा शब्द मी तेव्हापासून घाबरून वापरतो. 'राजा हरिश्चंद्र' पहिला चित्रपट म्हणावं, 3 मे 1913, तर कुणीतरी दादासाहेब तोरण्यांचा 'पुंडलिक' काढतो, तो आदल्या वर्षी मे महिन्यात मुंबईच्या त्याच कॉरोनेशन थिएटरात लागला होता. मग दुसरा म्हणतो, ते तर नाटकच चित्रित केलेलं. मग अर्धा दिवस नाटक म्हणजे काय आणि सिनेमा म्हणजे काय. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या माझ्या भाच्याला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, मामा, पर्यायात जे दिलंय त्यावर खूण करायची, पुढच्या प्रश्नाला जायचं. त्याचं बरोबर आहे. त्याला प्रत्येक प्रश्नामागे मिनिटभरही नसतं.

पण खाशाबांबद्दल मला खरं जे सांगायचं होतं ते ना दोन ओळींत बसत होतं ना सहा. 1948 च्या लंडनमध्ये ते सहावे आले होते. तिथं पहिल्यांदा ते गादीवर लढले. तोवर सगळी कुस्ती मातीतली. तांबड्या मातीत पाय रुततो, गादीवर घसरतो. चार वर्षं त्यांनी तो पाय बदलला. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गोळेश्वरच्या, कऱ्हाडच्या लोकांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी आपलं राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. घर गहाण! मी स्वतः गृहकर्जाचे हप्ते भरतो, सातबारा आणि मूळ कागद बँकेत ठेवताना हात कसा जड होतो मला ठाऊक आहे. तेही स्वतःच्या घरासाठी. त्या माणसानं ते एका विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी केलं. पदक घेऊन आल्यावर शंभराच्या वर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढे कुस्त्या लावून खाशाबांनी पैसे जमवले आणि प्राचार्यांचं घर सोडवलं, असं आमच्याकडे सांगतात. त्यानंतर भारताला पुढचं वैयक्तिक पदक मिळायला 1996 उजाडलं, लिएंडर पेसचं, चव्वेचाळीस वर्षांनी. महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळायला 2024, कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेचं, बहात्तर वर्षांनी. या सगळ्यातलं 'पहिला' तेवढं गावभर फिरलं. गहाण टाकलेलं घर ग्रुपवरच राहिलं.

मग वाटतं हा उपद्व्याप करायचाच कशाला? ज्याला जे हवं ते बोट फिरवलं की मिळतं. कुणाच्या ज्ञानात माझ्यामुळे भर पडली असेल असं मला मुळीच वाटत नाही. मागच्या वर्षी मस्कतवाल्याचे वडील गेले. तो आला, सगळं केलं, गावातच राहिला. सकाळचा प्रश्न टाकावा की नाही, पहिल्या दिवशी मला कळेना. दुकानदारानं फोन करून सांगितलं, टाक तू, तो बघतोय. तेरा दिवस त्याचं उत्तर नाही. चौदाव्या दिवशी मी विचारलं होतं, महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर कळसूबाई, तर त्याची उंची किती? आठ वाजून दहा मिनिटांनी त्याचं उत्तर आलं, '5400 मीटर'. आहे 1646. फुटांत विचारलं असतं तर पठ्ठ्याचं बरोबर आलं असतं. ग्रुपवर सगळे तुटून पडले त्याच्यावर, हिमालय आणलास का घरी म्हणून. तोही भांडला. दिवसभर.

मावशीला फोन लावला. तिनं चाळीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलंय, म्हणजे इतिहास तिला समजावून सांगणं हे तसं धाडसच. मी हॉकी सांगितली, 1928 पासून सगळी. ती ऐकत होती, मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या.

'म्हणजे खाशाबांना पदक मिळालं नाही?'

'मिळालं गं. पण भारताचं ते पहिलं नव्हतं. वैयक्तिक पहिलं.'

'मग मिळालं ना. झालं तर.' थोडं थांबून म्हणाली, 'बाकी ते लिहिणाऱ्याचं शुद्धलेखन भयंकर आहे हं. कास्य काय! आमच्या निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर टाकायच्या आधी मी सगळं कॉपी केलं आणि नीट अनुस्वार देऊन मग टाकलं. जोशीबाई कसल्या खूश झाल्या.'

लिहिणारा कोण हे मी तिला सांगितलं नाही. कॉपी करून टाकलं म्हणजे आता त्यावर दोन बाणही नसणार. मिरजेतल्या एका निवृत्त शिक्षिकेनं स्वतः लिहिल्यासारखं ते पुन्हा निघालंय, कोरं, शुद्ध, टिंबासकट. दहावीला असताना हिनंच मला अनुस्वारावरून पट्टीनं मारलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आधी तापवून घेतलं, गॅस बंद केला, मग बसलो. 'हेलसिंकी ऑलिम्पिक, 1952. भारताला दोन पदकं मिळाली. एक खाशाबा जाधवांचं कुस्तीतलं कांस्यपदक. दुसरं सुवर्णपदक होतं, अंतिम सामन्यात आपण सहा-एकनं जिंकलो आणि त्यांतले पाच गोल एकाच खेळाडूनं केले. खेळ कोणता, खेळाडू कोण?' पाच ओळी झाल्या. जाऊ दे. टिंबं मोजली, पाठवलं.

पोळीभाजीवालीच्या नावाखाली 'टायपिंग' दिसायला लागलं. मग थांबलं. पुन्हा दिसलं, पुन्हा थांबलं. तिनं काही लिहिलं नाही. मला एकट्यालाही नाही.

आठ वाजून चार मिनिटांनी पहिलं उत्तर आलं. जासवंदवाल्याचं.

'कबड्डी.'